तीन दरवाज्यांचा राखणदार

मंचरहून अवसरी बुद्रुककडे जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला एका शिक्षणसंस्थेची तीन मजली इमारत लागते. तिच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोठडीत, प्रबुद्धने आपल्या आयुष्याची सात वर्षे घालवली. कोठडीला खिडकी नव्हती. आत एक लोखंडी मांडणी, तिच्यावर एकाखाली एक तीन राउटर, खाली केबलींचे जाळे आणि एक प्लास्टिकची खुर्ची. वरच्या दोन प्रयोगशाळांतले दोनशे चाळीस संगणक याच तीन यंत्रांतून बाहेरच्या जगाशी बोलत. महाविद्यालय ऑनलाइन परीक्षांचे केंद्र झाले तेव्हापासून आसपासच्या गावांतली मुले इथे परीक्षेला येऊ लागली, आणि प्रबुद्धला रजा मिळणे बंद झाले.

तो मूळचा खोडदचा. त्याची बायको कल्याणी नाशिकच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका होती आणि सहा वर्षांची लेक तिच्याजवळ. महिन्यातून दोन शनिवारी प्रबुद्ध एसटीने नाशिक गाठी आणि रविवारी संध्याकाळी परत फिरे. तिथल्या एका शाळेत त्याची निवड यापूर्वी एकदा झाली होती. पण महाविद्यालयाने कार्यमुक्तीचे पत्र दिले नाही आणि ती जागा दुसऱ्याला गेली. आता पुन्हा निवड झाली होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी रुजू व्हायचे, पत्र सोबत आणायचे. मुदतवाढ मिळणार नाही, असे शाळेने स्पष्ट लिहिले होते.

प्राचार्य वाईट मनुष्य नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते : "तुम्ही गेल्यावर हे चालेल याची खात्री द्या, मी सही करतो."

अडचण खरी होती, आणि ती प्रबुद्धनेच तयार केलेली होती. नोकरीला लागला तेव्हा त्याने प्रत्येक संगणकाला हाताने एकेक राउटर नेमून दिला होता. ऐंशी याच्याकडे, ऐंशी त्याच्याकडे, ऐंशी तिसऱ्याकडे. एक बंद पडला की त्याचे ऐंशी संगणक मुके होत आणि प्रबुद्ध खुर्च्यांमधून वाकत वाकत एकेकाला नवा पत्ता लिहून देई. हे त्याच्याशिवाय कोणालाच जमत नसे. सुरुवातीला त्याला याचा अभिमान वाटे.

गेल्या उन्हाळ्यात त्याने सगळी मांडणी बदलली. सर्व संगणकांना आता एकच पत्ता दिला होता, जो खरे तर एकाही राउटरचा नव्हता. तिघांनी मिळून घेतलेले ते एक सामाईक नाव होते. संगणकाने त्या नावाने हाक मारली की तिघांमधला मुख्य राउटर उत्तर देई, आणि आळीपाळीने एकाला पहिल्याकडे, एकाला दुसऱ्याकडे, एकाला तिसऱ्याकडे धाडी. एखादा बंद पडला तर त्याच्या वाट्याचे काम उरलेले दोघे उचलत.

हेडक्लार्क हनुमंत भाऊसाहेबांना त्याने हे समजावून सांगितले तेव्हा ते चहाची बशी खाली ठेवून हसले. त्यांचे चुलते अजून मेंढरे राखत.

"अहो प्रबुद्धराव, यात नवीन काय हाय? तिघं राखणदार असले अन् एकाला ताप आला, की बाकीचे दोघं त्याची मेंढरं आपल्यात घेत्यात. मेंढराला काय ठावं कोण हाकतंय!"

"तेच. मेंढराला कळता कामा नये, एवढीच युक्ती आहे."

"मग तुमी सुटला म्हणायचं!"

"सही झाली की सुटलो."

प्रबुद्धने बावीस पानांची वही लिहून काढली. कुठली केबल कुठे जाते, कोणता दिवा कोणत्या रंगाचा असावा, कोणत्या क्रमाने काय सुरू करावे. प्रयोगशाळेच्या परिचर इंद्रायणीताईंच्या हाती त्याने ती दिली. बाई पन्नाशीच्या, राजुरीच्या, बोलायला फटकळ.

"सर, एवढं लिवलंय, पण मला बोलावून दाखवलं कवा?"

"दाखवीन ना, ताई."

"सात वर्षं ऐकतेय दाखवीन, दाखवीन. तुमाला दार उघडून द्यायचंच नसतं कुणाला."

प्रबुद्धला ते लागले.

प्राचार्यांनी अट घातली. सोमवारी मोठी परीक्षा. तिची रंगीत तालीम शुक्रवारी. त्या दिवशी प्रबुद्धने कोठडीकडे फिरकायचे नाही. फोन बंद करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायचा आणि त्यांच्यासमोर बसून राहायचे. तालीम त्याच्याविना पार पडली तर दुपारी पत्र.

बुधवारी खंडेनवमी होती. दरवर्षी त्या दिवशी दुपारनंतर महाविद्यालयातील सर्व यंत्रे बंद होत आणि हनुमंत भाऊसाहेब ताट घेऊन एकेका यंत्राची पूजा करत. झेरॉक्सच्या मशीनपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत काहीही सुटत नसे. प्रबुद्ध बौद्ध, तो पूजेत नसे, पण कोठडीच्या दाराशी उभा राही. सर्वजण पुढे गेले की मऊ ब्रशने राउटरच्या झरोक्यांतले हळद-कुंकू झाडून काढी आणि हार खुंटीला टांगी. हे त्याने कधी कोणाला सांगितले नाही. सांगितले तर भाऊसाहेबांना वाईट वाटेल, असे त्याला वाटे. बावीस पानांच्या वहीतही त्याने ते लिहिले नव्हते.

या वर्षी बुधवारी तो दुपारीच खोडदला निघाला. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन; विहारातल्या कार्यक्रमाची व्यवस्था त्याच्याकडे होती. वस्तीतले लोक त्याला निरोप द्यायलाच आले होते जणू. "आता नाशिककर झालास की रे!" असे म्हणत जानकाबाई आजीने त्याच्या हातावर पेढा ठेवला.

शुक्रवारी साडेनऊ वाजता त्याने आपला फोन बंद करून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. प्राचार्यांनी तो खणात टाकला. मग दोघे समोरासमोर बसले. प्राचार्य कागद तपासत होते. प्रबुद्धच्या हातांना काही काम नव्हते. भिंतीवरचे घड्याळ, संस्थापकांचा फोटो, पंख्याची कुरकुर. दहा वाजता वर घंटा झाली. दोनशे चाळीस मुलांनी एकाच क्षणी बटण दाबले असणार. तो ऐकत राहिला. संकट आले की जिन्यावर पावले वाजतात, हे त्याला सात वर्षांत पाठ झाले होते. पावले वाजली नाहीत. साडेदहा. अकरा. एकदा कोणीतरी धावत आले आणि तो खुर्चीतून अर्धा उठला; पण तो शिपाई होता, चहा घेऊन आला होता.

"घ्या, चहा घ्या," प्राचार्य म्हणाले. "तुम्हीच परीक्षेला बसल्यासारखे दिसता."

साडेबाराला हनुमंत भाऊसाहेब हसत आत आले. "एक बी संगणक अडला न्हाई, सर. लई झ्याक झालं. पूजा फळली!"

प्राचार्यांनी टाइप केलेले पत्र पुढे ओढले, चष्मा नीट केला आणि सही केली. शिक्का उठवला. खणातून फोन काढून त्यांनी तो पत्रासोबत प्रबुद्धपुढे सरकवला.

"शब्द पाळला की नाही?"

"पाळलात, सर."

पत्राची घडी खिशात ठेवता ठेवता त्याने फोन सुरू केला. तो थरथरला. संदेश कल्याणीचा असेल असे त्याला वाटले. संदेश राउटरचा होता; एखादा बंद पडला की उरलेले आपणहून त्याला कळवत. दोन क्रमांकाचा राउटर अकरा वाजून सात मिनिटांनी बंद पडला होता.

तो कोठडीत गेला. मांडणीवर नवे लाल कापड पांघरलेले होते, दोन्ही बाजूंनी नीट खोचलेले. वर झेंडूचे हार, आंब्याची पाने. कापड उचलताच गरम वाफ तोंडावर आली. मधला राउटर काळा पडला होता. त्याच्या झरोक्यांत हळद-कुंकवाचा लगदा घट्ट बसला होता आणि आतून जळका दर्प येत होता. वरच्या आणि खालच्याने त्याचे सगळे काम उचलले होते; दोघांचे पंखे घोड्यासारखे धापा टाकत होते. हात लावला तर चटका बसत होता.

एक वाजत आला होता. नाशिकची गाडी मंचरला साडेतीनला. पत्र खिशात. वर कोणालाही काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होणारही नव्हते. यासाठीच तर त्याने सगळा उन्हाळा खर्च केला होता. राउटर झटकून, हार काढून तो निघाला असता तर कदाचित दोघांनी सोमवार ओढूनही नेला असता. कदाचित. दोघांपैकी आणखी एक गेला, तर उरलेल्याला दोनशे चाळीस झेपणार नव्हते. पेपर अर्ध्यात थांबला असता आणि मुले पडद्याकडे बघत बसली असती, त्यांतल्या किती तरी जणांना वर्षभर दुसरी संधी नव्हती.

त्याने खुर्ची ओढली, बसला, उठला. पुन्हा बसला. दहा मिनिटांनी तो प्राचार्यांच्या दालनात उभा होता.

"सर, तालीम दोन राउटरवर झाली. मधला अकरा वाजताच गेला."

प्राचार्यांना क्षणभर कळले नाही. "पण अडलं तर काहीच नाही."

"अडायचं नव्हतंच. बाकीच्या दोघांनी ओढलं."

"मग झालं की! हेच तर तुम्ही म्हणत होता."

"सोमवारी आणखी एक गेला तर काही उरणार नाही, सर. तेही कापडाखाली तापलेत. नवा मागवायला हवा."

"नवा म्हणजे तीन दुकानांची दरपत्रकं, मंजुरी… सोमवारपर्यंत?" प्राचार्य थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "आणि तुम्ही सोमवारी नाशिकला."

दाराशी आलेल्या हनुमंत भाऊसाहेबांनी सगळे ऐकले होते.

"कापडानं झालं का वं? आमी तर म्हटलं, धूळ बसू नये. परीक्षा व्हईस्तोवर राहू दे वर."

"तुमची चूक नाही, भाऊसाहेब. मी सांगितलं नव्हतं."

"सात वर्षं करतोय की आमी पूजा. कवा काय झालं न्हाई."

प्रबुद्धने बोटाला लागलेले कुंकू रुमालाला पुसले.

"ते पत्र जरा इकडे द्या," प्राचार्य म्हणाले. आवाज सौम्य होता. "रद्द नाही करत. मंगळवारची तारीख घालून देतो. एक दिवसाचा तर प्रश्न."

"एक दिवसाचाच प्रश्न आहे, सर," प्रबुद्ध म्हणाला, आणि त्याने पत्र टेबलावर ठेवले.

व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्याने आधी शाळेला आणि मग कल्याणीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले. मागे वॉर्डातली घंटा वाजत होती.

"शाळेला विचारलंत?"

"विचारलं. सोमवार म्हणजे सोमवार, म्हणाले."

"हं." तिने पलीकडे कोणाला तरी 'आले' म्हटले. "सांगितलं नसतंत तर?"

"तर साडेतीनच्या गाडीत असतो."

"तुमच्या यंत्रांचं बरं आहे. एक गेला की दुसऱ्यांना निदान कळतं, ओझं आपल्याकडे आलंय." मग तिचा स्वर उतरला. "जेवलात का? जेवून घ्या. मला पेशंट आहे."

तो परत आला तेव्हा इंद्रायणीताई कोठडीच्या दाराशी वही उघडून उभ्या होत्या.

"सर, मघा तुमचा फोन बंद व्हता तवा यानं कुणाला सांगितलं, बंद पडलो म्हणून?"

"कोणालाच नाही. फक्त माझाच नंबर आहे त्यात."

"सात वर्षं?"

"सात वर्षं."

"धन्य हाय तुमची," असे म्हणून त्या आत आल्या आणि त्यांनी त्याची खुर्ची ओढून घेतली. "घाला माझा नंबर. अन् आता बसून दाखवा सगळं, वहीतलं नको."

त्याने त्यांचा नंबर घातला. ब्रशने दोन्ही राउटर स्वच्छ केले, भाऊसाहेबांकडून एक टेबलफॅन मागवून मांडणीसमोर लावला. पंख्यांचा आवाज हळूहळू उतरला. मग खालच्या राउटरची केबल त्याने बोटाने दाखवली.

"ही काढा."

"वर पोरं बसलीत."

"काढा. तीसच बसलीत, एकाला झेपतील. त्यांना कळणार नाही."

बाईंनी डोळे बारीक करून केबल उपसली. वरच्या मजल्यावर कोणीच काही बोलले नाही. कोठडीत मात्र दोन फोन एकदमच वाजले.