तिला न कळलेलं

आमच्या गार्चिंगच्या लॅबमध्ये बांडुंगची एक सुंदानीज मुलगी आहे. कुणासमोरून जायचं झालं की वाकून, उजवा हात खाली धरून तिच्या सुंदानीज भाषेत 'पुन्तेन' म्हणते, म्हणजे 'माफ करा'. आमच्या जर्मन प्रोफेसरांना आम्ही सगळे नावानं हाक मारतो; तिला ते अजून जमत नाही.

काल सेमिनारमध्ये ती हळूच म्हणाली, "सर, ही पायरी मला कळली नाही. पुन्हा सांगाल?" प्रोफेसर समजावू लागले आणि मध्येच थांबले. "आख्झो!" ते जर्मनमध्ये उद्गारले, म्हणजे 'अच्छा, असं होय!' "चुकलंच माझं." तिनं मान लववून आभार मानले. चूक तिला आधीच दिसली होती, हे मला तेव्हा उमगलं.

गेल्या आठवड्यात माझा पेपर वाचून ती म्हणाली होती, "दुसरा आलेख मला कळला नाही." मी अर्धा तास समजावत होतो, कुठेही न थांबता.