पिंपरीच्या छावणीतले मंघ

श्रावणातल्या एका मंगळवारी पिंपरीच्या निर्वासित छावणीत अण्णा वारले. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांसाठी तिथे नव्या खोल्या बांधल्या जात होत्या, त्या कामावर ते ओव्हरसियर होते. काका जाऊन सगळे करून आले. अण्णांची पेटी मात्र तिथेच राहिली होती. वैशाखात शाळेला सुट्टी लागली, तेव्हा ती आणायला मी साताऱ्याहून निघाले.

पुण्याला लोणावळ्याची पॅसेंजर धरली. पुस्तक उघडून बसले आणि चिंचवड कधी मागे पडले ते कळलेच नाही. उतरले ती देहूरोडला. फलाटावर लष्कराच्या पेट्यांची रास होती आणि परतीच्या गाडीला बराच अवकाश होता. बाहेर येऊन टांगा केला.

"क्यांपात कुनाकडं, बाई?" टांगेवाल्याने विचारले.

"नव्या खोल्यांकडे. तिथल्या ओव्हरसियरचे सामान न्यायचे आहे."

"कोन, त्यो भोकवाला सायेब व्हय?" तो हसला. "छपराला भोकं ठिवली की त्यानं! मिरगात समदी घरात बसून न्हाली. येवढा शिकलेला गडी, पर पाऊस कुन्या अंगानं येतो त्ये ठावं न्हाई. त्यो गेला म्हनं?"

"हो."

"तुमचा कोन?"

"भाऊ."

त्यानंतर पिंपरीपर्यंत तो घोड्याशीच बोलला.

वाटेत बाजरीची मोकळी रानं होती, बाभळी होत्या. एका कारखान्याच्या भिंती बांबूच्या परांच्या बांधून वर चढत होत्या. मग छावणी आली. लढाईच्या काळातल्या लष्करी बराकी, एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून पाडलेली घरं. बराकींपलीकडे नव्या खोल्यांची पांढरी रांग होती. सपाट स्लॅब, आणि काही स्लॅबवर विटांची टोपडी, सगळ्यांची तोंडं नैऋत्येला. हैदराबाद सिंधमध्ये प्रत्येक घरावर असे मंघ (छपरावरून वारा खाली घेणारे झरोके) असतात म्हणे. बहुतेक टोपडी आता फोडली होती आणि त्यांच्या जागी ओल्या सिमेंटचे चौकोन दिसत होते.

नवे ओव्हरसियर कुलकर्णी उन्हात टोपी सावरत उभे होते. मी ओळख सांगितली. ते थोडे गडबडले.

"पेटी माझ्याकडे आहे, ताई. एवढं शेवटचं घर उरकतो आणि देतो. मृगाच्या आत सगळं बुजवायचं आहे. तुमच्या बंधूंनी केलं चांगल्या मनानं, पण मुलूख बघून करावं लागतं."

शेवटच्या घराच्या दारात एक बाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. तिचे नाव जेठीबाई.

"आमचा नाही फोडायचा, साहेब! खाली माणूस झोपलाय. त्याला दमा आहे. बराकीत रात्र रात्र बसून काढली त्यानं."

"एक ठेवला तर उद्या सगळी रांग मागेल, बाई."

मी कोण ते कळल्यावर तिने मला हाताला धरून आत नेले आणि सिंधी रिवाजाप्रमाणे पाणी व भाजलेला पापड पुढे ठेवला. बाहेर अंग भाजत होते. आत वरून वारा उतरत होता, थेट खाटेवर. खाटेवर तिचे यजमान लेखराज उशांना टेकून बसले होते. ते मोडक्या मराठीत, थांबत थांबत बोलले.

"अदी (ताई), तुमचा भाऊ बोलला होता. पाऊस इथं ह्याच बाजूनं येतो, बोलला. आम्ही ऐकलं नाही. मी बोललो, तुम्ही हवा द्या, पाऊस आम्ही बघून घेऊ. सगळे तसंच बोलले."

"पाऊस बघितला होता का कधी ह्यांनी?" जेठीबाई म्हणाली. "तिकडे चार थेंब पडले की वाळत घातलेले पापड उचलायचे. आमचा पावसाळा तेवढाच!"

दारात उभ्या कुलकर्ण्यांनी हे ऐकले. "मग त्यांनी हे वर का नाही कळवलं? सगळा ठपका स्वतःवर घेतला."

मलाही ठाऊक नव्हते.

जेठीबाईने भिंतीवरची दोरी सोडली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून केलेले झाकण वर खाडकन बसले आणि खोलीत अंधार झाला.

"गेल्या पावसानंतर केलं. आता बघा."

कुलकर्ण्यांनी गवंड्याला हाक मारली. "वर बादली ने. ओत तोंडात. सगळी ओत."

पाणी पत्र्यावर आदळले. कडेने थोडे झिरपले आणि लेखराजांच्या चादरीवर थेंब पडले. सगळे त्या थेंबांकडे पाहत राहिले.

"साहेब," लेखराज म्हणाले, "एवढा तर मी घामानं भिजतो."

गवंडी वरूनच हसला. कुलकर्ण्यांनी टोपी काढून कपाळ पुसले.

"म्हातारबुवा आहेत तोवर राहू द्या. उतर रे खाली."

जेठीबाईने दोरी ओढली. मग तिने कोकी (कांदा घातलेली जाड पोळी) आणि दही वाढले. कुलकर्णीही उंबऱ्यावर बसून जेवले. उन्हं उतरल्यावर मी पेटी घेतली आणि चिंचवडहून गाडी धरली. या वेळी पुस्तक उघडले नाही.

घरी आईला एवढेच सांगितले, की पाऊस कुठून येतो ते अण्णांना माहीत होते. मग त्यांनी तसे का बांधले हे तिने विचारले नाही. विचारले असते तरी मला सांगता आले नसते. लोकांचे घर लोकांना हवे तसे असावे, असे त्यांना वाटले असेल. किंवा वाद घालण्याचा कंटाळा आला असेल. दोन्ही त्यांच्या स्वभावात होते.

पुढे एकदा पुण्याला आले असताना मुद्दाम पिंपरीला जाऊन आले. लेखराज वारले होते. मंघ फोडायला मात्र कोणी आले नव्हते. रांगेतल्या बाकी छपरांवर सिमेंटचे चौकोन आहेत. जेठीबाईच्या छपरावर मंघ आहे, आणि उन्हाळ्यात ती तो उघडते.