आत्याच्या टॅबचं कुलूप

माझ्या आत्याला बहिऱ्यांच्या शाळेत ‘भिंगरी’ म्हणायचे. म्हणायचे म्हणजे तर्जनी हवेत गरगर फिरवायचे. तिथे नावंसुद्धा बोटांनीच घेतात. नाव तिला अगदी शोभायचं. जेवताना मध्येच उठून ती खिडकी पुसायची, चहा उकळत ठेवून कपाट आवरायला घ्यायची. एका जागी बसायची ती फक्त शिवणयंत्रावर. पडद्यांच्या कारखान्यात ती सभागृहांचे मोठमोठे पडदे शिवायची.

शाळेतली तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे खळी. हसली की एका गालाला खळी पडायची, म्हणून गालावर बोट टेकवलं की झालं तिचं नाव. लग्न होऊन खळी लांबच्या शहरात गेली, तरी दोघी रोज संध्याकाळी टॅबवर भेटायच्या. टॅब टेबलावर उभा केला आणि थोडं मागे सरकलं की दोन्ही हात मोकळे. फोन हातात धरून त्यांना नीट बोलता येत नाही. एक हात अडकला की अर्धं तोंड बंद.

मग खळीची नजर जायला लागली. आधी कडेचं दिसेनासं झालं. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच उरलं आणि ती नळीही अरुंद होत चालली. औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. आत्या याबद्दल कुणाशीच बोलली नाही. संध्याकाळच्या गप्पा तेवढ्या लांबल्या.

नेमका त्याच सुमारास कारखाना शहराबाहेर गेला आणि आत्याने तिथेच जवळ खोली घेतली. तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, ते मुळीच पटलं नाही.

“एकटी राहणार? दार कुणी वाजवलं तर हिला कळणार कसं?” ते माझ्याकडे बघून म्हणाले.

आत्याने त्यांचे ओठ वाचले. “घंटेऐवजी दिवा लावेन. आणि विचारायचं तर मला विचार,” ती हातांनी म्हणाली आणि सामान बांधायला लागली. तेव्हापासून दोघांचा अबोला. आमच्याकडे अबोला धरायचा म्हणजे हात खिशात घालायचे.

नव्या खोलीत टॅबला रेंजच येईना. दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर मात्र खिडकीतून ठळक दिसायचा. आत्याने त्या कंपनीचं सिम आणून घातलं, तर टॅबवर ओळ उमटली, ‘नेटवर्क अनलॉक कोड टाका.’ टॅब ज्या कंपनीकडून घेतला होता, तिने तो फक्त स्वतःच्याच सिमवर चालावा म्हणून आतून कुलूप घालून ठेवला होता.

आत्याला दम कुठला! काम सुटलं की ती बस धरून जुन्या कंपनीची रेंज मिळेल अशा बसथांब्यावर जायची, टॅब बाकावर पिशवीला टेकवायची आणि समोर उभी राहून बोलायची. येणारे-जाणारे टकामका बघायचे. एकाला तिने सरळ हाताने बाजूला केलं, तो कॅमेऱ्याच्या आड आला होता म्हणून. पण तोवर दिवस कलायचा.

“अंधारात तुझे हात विरघळतात,” खळी म्हणाली.

मी सुट्टीला आले तेव्हा आत्या मला ओढतच दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, “मावशी, चुटकीसरशी करून देतो.” त्याने कुठूनतरी शोधलेले कोड भराभर टाकायला सुरुवात केली. दर वेळी ‘चुकीचा कोड’. मग टॅबवर नवीनच ओळ आली. मी ती वाचली. आणखी एकदा कोड चुकला, तर ते कुलूप पुन्हा कधीच उघडणार नव्हतं.

मी हे हातांनी सांगेपर्यंत आत्याने टॅब त्याच्या हातातून हिसकावलासुद्धा.

“अहो, हा नक्की बसणार होता!” दुकानदार म्हणाला.

“आणि नसता बसला तर?” मी विचारलं.

“मग काय, नवीन घ्यायचा.”

तिथून आम्ही तडक कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरची बाई भली होती. आत्याला ऐकू येत नाही हे कळल्यावर तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि टाइप करून सांगितलं, “टॅबच्या कराराची मुदत पुरी झालीय, त्यामुळे कोड नक्की मिळेल. पण टॅब ज्यांच्या नावावर आहे, त्यांनी स्वतः यायला हवं.”

नाव बाबांचं होतं. आत्याने ते वाचलं आणि ती तरातरा बाहेर पडली.

“मी सांगते त्यांना,” मी म्हटलं.

“काही नको! एकटी राहायला निघाले आणि लागलीच त्याच्या दारात?” तिचे हात रस्त्यातच जोरजोरात चालले होते. त्या कार्यालयाभोवती आम्ही किती चकरा मारल्या कोण जाणे.

त्या संध्याकाळी बसथांब्यावर खळीने विचारलं, “तुझा डावा हात कुठे गेला?” हात तर समोरच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्या आमच्या दारात. बाबा दाढी करत होते. तिने थेट बोलायला सुरुवात केली. बाबा खुणा बऱ्याचशा विसरले होते, ते माझ्याकडे वळून विचारू लागले, “काय म्हणतेय?” आत्याने त्यांच्या दंडाला धरून त्यांना आपल्याकडे फिरवलं. मुठीची पोकळी करून डोळ्याला लावली, गालाला बोट टेकवलं आणि मूठ हळूहळू आवळत नेली. माझी गरज पडली नाही. बाबांनी तोंडावरचा फेस पुसला आणि अर्धवट दाढीनेच चपला घातल्या. बसमध्ये मात्र दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

बाईने बाबांची ओळख पटवली, टॅबचा क्रमांक घेतला आणि सांगितलं, “काही दिवसांत कोड तुमच्या फोनवर येईल.”

ते दिवस दोघांनीही काढले कसेबसे. आत्याने कधी नव्हे तो एक पडदा उलटा शिवला आणि उसवत बसली. मला सारखा एकच निरोप, “आला?” इकडे बाबा आंघोळीलाही फोन घेऊन जायचे.

कोड आला तेव्हा मी म्हटलं, “द्या पाठवून.”

“पाठवायचा कशाला? नेऊन देतो ना,” बाबा म्हणाले.

आत्याच्या दाराबाहेर त्यांनी बटण दाबलं. खिडकीच्या काचेत लाल दिवा लुकलुकला. त्यांनी पुन्हा दाबलं. “खात्री केलेली बरी,” ते मला म्हणाले. दार उघडलं तेव्हा आत्याच्या कपाळावर आठी होती.

ती टॅब घेऊन बसली. बाबा फोनमध्ये बघून एकेक आकडा बोटांनी दाखवू लागले. आकडे त्यांना सगळे आठवत होते, लहानपणी दोघं त्यावरच खेळायचे म्हणे. शेवटचा आकडा टाकून आत्या थांबली. बाबांनी कोड पुन्हा ताडून पाहिला आणि मान हलवली. तिने बटण दाबलं. टॅब विचार करत राहिला, करतच राहिला; आत्या उठून उभी राहिली, बसली, परत उठली. मग वरच्या कोपऱ्यात रेंजच्या रेघा उमटल्या.

खळी दिसली तेव्हा ती किंचित भलतीकडेच बघत होती.

“उजेड छान आहे,” ती म्हणाली. “पण हात छातीशी आण. लहान बोल.”

हातभर लांब खुणा करणारी माझी आत्या कोपरं अंगाशी घेऊन ओंजळीएवढ्या जागेत बोलायला लागली. मध्येच तिने बाबांना ओढून टॅबसमोर उभं केलं. त्यांना सुचेना. त्यांनी नुसतं गालावर बोट टेकवलं. खळी हसली.

पुढे बरेच महिने ते टॅबवर चाललं. मग मधलं तेवढंही खळीला दिसेनासं झालं. आता आत्या सुट्टी काढून तिच्याकडे जाते आणि दोघी हातावर हात ठेवून, चाचपत बोलतात. बाबा तिला बसपर्यंत सोडतात.

टॅबवर संध्याकाळी आता बाबाच असतात. परवा ‘जेवलीस का’ विचारायला गेले आणि खुणेने ‘भांडलीस का’ विचारून बसले. “अजून नाही,” आत्या म्हणाली आणि पिशवी भरायला वळली. पहाटे तिला खळीकडे निघायचं होतं.