तिबोची चाल

तिबो विहिरी खणायचा. तो खाली, आणि त्याची सून नोपोको वर दोरावर. लग्न होऊन आल्यापासून तिचं हेच काम. पाटी अर्धी भरून आली की ती तशीच परत खाली सोडायची. कड जराशी तिरकी गेली की तो पुन्हा तासायला घ्यायचा. रिकामं बोलणं दोघांनाही जमत नसे. म्हणून त्याची नक्कल करायला घरातून तिचंच नाव निघालं.

त्यांच्या गावची रीत अशी: माणूस गेला की घरातली एक सून त्याचे कपडे घालते, त्याच्यासारखी चालते, बोलते. त्याशिवाय तो सुटत नाही.

अडचण एवढीच, की तिबो गेला असं कुणी सांगत नव्हतं. लष्कराचं राज्य आल्यावर त्याने गावसभेत विचारलं होतं, "आमची पोरं लढाईच्या आघाडीवर, मग साहेबांची कुठे?" त्याच आठवड्यात त्याला गाडीत घालून नेलं. ठाण्यावरचं उत्तर ठरलेलं: आघाडीवर आहे, खुशाल आहे.

"खुशाल माणूस स्वप्नात येऊन पाणी मागत नाही," सासू म्हणाली आणि तिने दिवसकार्यासाठी ज्वारीची दारू गाळायला घेतली.

दुपारी ठाण्यावरचा सार्जंट बामोगो मोटरसायकलवरून आला.

"कोण मेलंय गं म्हातारे?"

"कुणी नाही, साहेब. बसा, घ्या घोटभर."

"जिवंत माणसावर रडलात, तर सरकारला खोटं पाडलंत. एकेकाला आत घालीन."

तेवढ्यात नोपोको बाहेर आली. तिबोचा सदरा, तिबोची टोपी, खांद्यावर तिबोची कुदळ. बायका रीतीप्रमाणे चिडवू लागल्या.

"तिबो, माझी कोंबडी कधी देतोस रे?"

"पाणी लागू दे, मग देतो. मरत नाहीस तोवर," नोपोको घोगऱ्या आवाजात म्हणाली. हुबेहूब तोच.

चार पावलं नीट पडली. मग डावा पाय मागे राहिला.

"अगं, मामंजी लंगडे कुठे होते?" जाऊ कुजबुजली.

"मी नाही करत." नोपोकोच्या कपाळावर घाम होता. "उचलतेय गं, पण उचलतच नाही."

सार्जंटच्या हातातलं दारूचं भांडं कलंडलं.

"तुला कुणी सांगितलं?" तो उठला. "पाय गाडीत चढवताना मोडला. तिथे तो आणि मी, दोघंच होतो."

नवरा गेल्यावर सोडतात तसं सासूने डोक्याचं फडकं सोडलं.

"कुठे ठेवलाय त्याला?"

सार्जंट मोटरसायकलला लाथा मारत राहिला. ती चालू होईना. नोपोको पाय ओढत आली आणि तिने पुढच्या चाकाला कुदळ टेकवली. तिचे ओठ जेमतेम हलले.

"खड्डा उथळ काढलाय रे. गुडघाभरसुद्धा नाही. कडाही वाकड्या. ह्याला काम म्हणतात?"

सार्जंटने हनुवटीने गावाबाहेरच्या वाळलेल्या तळ्याकडे दाखवलं.

पहिली कुदळ नोपोकोने मारली. तिबोला वर काढल्यावर त्याच्यासाठीचा नवा खड्डा पुरुषभर खोल गेला, कडा सरळ झाल्या, तोवर तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

परतताना तिचे दोन्ही पाय नीट पडत होते. वेशीवर शेजारच्या गावची एक बाई उभी होती, कुणाचातरी सदरा छातीशी धरून.

"आमचाही आघाडीवर आहे म्हणतात," ती म्हणाली.