खाली साक्ष, वर उपदेश

ईश्वरविज्ञानाच्या पदवीसाठी ग्रीक यावं लागतं, थोडं इब्री, म्हणजे हिब्रू, यावं लागतं आणि मंडळीचा इतिहास पहिल्या शतकापासून तोंडपाठ लागतो. हे सगळं माझं झालं होतं. अडलं होतं ते लाकडी पायऱ्यांपाशी.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला दोघीच मुली होतो. बाकी सगळे होणारे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पदवीची शेवटची अट होती प्रात्यक्षिक उपदेश. कॉलेज एखादी मंडळी, म्हणजे एखाद्या चर्चची माणसं, ठरवून देई. तिथं जाऊन रविवारची उपासना चालवायची, व्यासपीठावरून उपदेश करायचा. शिकवणारे सर कोपऱ्यात बसून ऐकणार. उपासना संपली की मंडळीच्या मुख्य वडिलांना सर सगळ्यांसमोर विचारणार, उपदेश झाला का? ते हो म्हणाले तरच पास. वडील म्हणजे आमच्यात चर्चचा कारभार बघायला निवडून दिलेला माणूस. पाळक बदलून जातात, वडील जागेवर असतात. त्यामुळे चर्चमध्ये खरी सत्ता कोणाची हे वेगळं सांगायला नको.

मला मिळाली इचलकरंजीकडची, कबनूरजवळची मंडळी. आणि उपदेशासाठी उतारा मिळाला तो बायबलमधल्या, करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला, बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारा.

मला वाटलं सर चेष्टा करतायत. सर चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते.

"हा उतारा जन्मभर तुमच्या तोंडावर मारला जाणार आहे," ते म्हणाले. "आत्ताच सोडवून टाका. नंतर कोणी वेळ देणार नाही."

उतारा अवघड होता, पण तो माझ्या हातातला होता. अवघड निघाले ते तिथले वडील.

उपदेशाच्या पंधरवडाभर आधीच्या रविवारी ओळख करून घ्यायला मी तिथं गेले. चर्च म्हणजे पत्र्याचं एक लांबट दालन, तिन्ही बाजूंनी मागाचे कारखाने. रविवारीही माग चालू. खटक्याचा आवाज भिंतीतून आत यायचा, पायाखालची फरशी बारीक थरथरायची. मंडळीतले बहुतेक सगळे मागावरचे. पुरुष माग चालवणारे, बायका सुताच्या कांड्या भरणाऱ्या. वडील स्वतः जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. उभं आयुष्य त्यांनी त्या आवाजात काढलं होतं.

ते माझ्याशी बोलताना एकटक माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्याला डोळा नाही, तोंडाकडे. मला ते खटकलं. मी पदर सावरून ओठांपर्यंत आणला आणि मान जरा वळवली.

"त्वांड झाकू नगासा," ते ओरडले.

ओरडण्याचं मला काही वाटलं नाही. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं ही बहिरेपणाची खूण धरली तर अख्खा जिल्हा बहिरा निघेल. पण तोंड झाकू नका म्हणणं मला उर्मट वाटलं. मी पदर खाली घेतला आणि कामाचं विचारलं.

"मामा, पुढच्या पंधरवड्याला माझा उपदेश आहे. सरांनी निरोप दिला असेल."

"दिलाय. या की. बोला की. कोण नगं म्हणतंय?" त्यांनी व्यासपीठासमोरच्या जमिनीकडे बोट केलं. "हितं हुबं ऱ्हावा आनि साक्ष द्या."

मी समजले. आमच्याकडे बाईला बोलायला बंदी नसते. देवानं माझ्यासाठी काय केलं ते तिनं खाली उभं राहून सांगावं, त्याला साक्ष म्हणतात. शास्त्राचा अर्थ सांगायचा तो वरून, पुरुषानं. तो उपदेश. जमीन आणि व्यासपीठ यांच्यात फरक जेमतेम कमरेएवढा. पण मला पदवी मिळणार होती ती वरच्या बाजूला.

"मामा, साक्ष नाही. उपदेश. वरूनच करायचा असा नियम आहे."

"नियम तुमचा. चर्च आमचं. बाईमानूस वर चढलं तर आमी उठून जानार. मी पयला."

भांडण नव्हतं ते, माहिती दिल्यासारखं सांगितलं. मग त्यांनी प्रार्थना करून मला निरोप दिला. तेव्हा मी डोळे किलकिले करून पाहिलं तर हजर असलेल्या सगळ्यांचे डोळे टक्क उघडे. वडील प्रार्थना करत होते आणि माणसं त्यांच्याकडे खेळ बघितल्यासारखी बघत होती.

परत आल्यावर वर्गात मी हे सांगितलं. म्हटलं, तिथं प्रार्थनेत डोळेसुद्धा मिटत नाहीत, शिक्षण कमी पडलंय. पोरं हसली. सर हसले नाहीत.

"का मिटत नाहीत, विचारलंत का?"

"त्यात काय विचारायचं, सर?"

मला दुसरंच विचारायचं होतं.

"मी खाली उभं राहून बोलले तर चालेल?"

"नाही. ती साक्ष होईल."

"वर चढले आणि मंडळी उठून गेली तर?"

"रिकाम्या चर्चमध्ये उपदेश होत नाही."

"मग मी करू काय?"

"ते मला माहीत नाही. मी तिथं भांडायला येणार नाही, ऐकायला येणार आहे. पाळकी करायची म्हणजे रोज हेच असतं."

घरी गडमुडशिंगीला भाऊ माझ्या निकालाची वेगळ्या कारणानं वाट बघत होता. आईवडील नव्हते. मी सत्तावीस वर्षांची. मिशनच्या दवाखान्यात रुग्णांना धीर द्यायला, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायला एक जागा निघाली होती. बाई चालणार होती, पण पदवी हवी होती. भाऊ दूध डेअरीत कामाला, बोलायला सरळ.

"पास झालीस तर तुझं तू बघ, मी आडवा येनार न्हाय," तो म्हणाला. "न्हाय झालीस तर कुरुंदवाडचं स्थळ हाय. पावणं दोनदा येऊन गेल्यात. बायको वारलीय त्येची, पोरं ल्हान हायत, पर शेती हाय."

"आणि मी त्या पोरांना ग्रीक शिकवू?"

"भाकरी करायला शिकीव. तुझी तुला नीट येत न्हाय."

वहिनी हसली. मी नाही हसले. कुरुंदवाडच्या माणसात वाईट काही नव्हतं. फक्त तो मी निवडलेला नव्हता.

उपदेशाच्या रविवारी सकाळी इचलकरंजीची एसटी धरली. उपदेश कागदावर लिहून काढला होता, शब्द न् शब्द. आम्हाला तसंच शिकवलं होतं. कागद समोर ठेवा, मान स्थिर ठेवा, हातवारे नकोत. वाटेत मी माझ्यापुरता बेत ठरवला. सुरुवात खालून करायची. अर्ध्यावर, माणसं ऐकण्यात गुंतली की पायऱ्या चढायच्या. तेव्हा जे उठतील ते उठतील.

सर स्कूटरवरून आधीच पोचले होते. दारापाशीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. एका सतरंजीवर पुरुष, दुसरीवर बायका. वडील पुरुषांच्या अगदी मागच्या ओळीत बसले होते. मंडळीवर लक्ष ठेवता यावं म्हणून तिथं वडिलांनी मागंच बसायचं अशी रीत होती.

गाणी झाली. ती बरी झाली, कारण ती सगळ्यांना पाठ होती. मी व्यासपीठासमोर, जमिनीवर उभी राहिले. लहान टेबलावर कागद ठेवला, मान खाली घातली आणि सुरुवात केली.

पहिलं पान संपायच्या आत चुळबूळ सुरू झाली. मी वर पाहिलं. मागच्या ओळीतली माणसं मान उंचावून एकमेकांना काही खुणावत होती. मी आवाज वाढवला आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. चुळबूळ वाढली. दोन पुरुष उठून उभे राहिले. मग आणखी एक. अजून मी एक पायरीही चढले नव्हते आणि माणसं निघाली होती. मी वाचत राहिले. ओळी पुढं सरकत होत्या, अर्थ डोक्यात शिरत नव्हता. थांबले असते तर सगळं तिथंच संपलं असतं, एवढंच कळत होतं.

मग वडील उठले.

मी पहिला, असं त्यांनी सांगितलंच होतं. मी सरांकडे पाहिलं. सर नखं बघत होते. वडील माणसांमधून वाट काढत निघाले, पण दाराकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, आता हे कागद उचलून घेणार. मी कागदावर हात ठेवला.

तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी ओरडली, "आगं बाई, तुझं त्वांड दिसंना! काय बोलाय लागलीयास कुनाला ठावं! वर चढ की!"

"वर! वर!" मागचे उभे राहिलेले पुरुष हातानं दाखवत होते.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. ही माणसं जात नव्हती. उभं राहून माझं तोंड शोधत होती. मागाच्या आवाजात वर्षानुवर्षं काम करून कुणाचे अर्धे कान गेले होते, कुणाचे पुरते. ती ऐकत होती ती ओठ बघून. म्हणून वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणून पदर नको होता. म्हणून प्रार्थनेत डोळे उघडे होते. डोळे मिटले तर प्रार्थना ऐकायची कशानं? आणि मी, ग्रीक शिकलेली, मान खाली घालून टेबलाला उपदेश करत होते.

वडील माझ्यासमोर येऊन थांबले. सगळ्यात कमी ऐकू येत होतं ते त्यांनाच. त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं, मंडळीकडे पाहिलं. सगळे उभे, सगळे वर बोट करतायत. मग सरांकडे पाहिलं. सरांनी मदत केली नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. वडिलांचा जबडा हलत होता.

"दिसंना म्हनत्यात," ते शेवटी म्हणाले.

"हो मामा."

"आयकायचं तर हाय लोकास्नी." तरी ते जागचे हलले नाहीत. बायकांच्या बाजूनं म्हातारी पुन्हा ओरडली, "आवं, पुतळ्यावानी हुबं काय ऱ्हायलाय? सरका की, तिला वाट द्या!"

वडील सरकले. "चढा," म्हणाले आणि वळून मागं आपल्या जागेवर जाऊन बसले.

मी चढले. कागद खालीच राहिला. मुद्दाम नाही, चढायच्या गडबडीत उचलायचाच राहिला. वरून सगळे दिसत होते, म्हणजे सगळ्यांना मी दिसत होते. मी मान वर ठेवली, पदर खांद्यावर मागं टाकला आणि सावकाश, ओठ पुरे उघडून बोलायला लागले. आवाज मोठा करायची गरज नव्हती.

उतारा टाळला नाही. म्हटलं, त्या अध्यायात गप्प बसायला तिघांना सांगितलंय. अन्य भाषेत बोलणाऱ्याला, त्याचा अर्थ सांगणारा कुणी नसेल तर. संदेश देणाऱ्याला, दुसऱ्याला काही सुचलं तर. आणि बायकांना. पहिले दोन आपण विसरलो, शेवटचं तेवढं पाठ केलं. त्याच पत्रात थोडं आधी बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं असं आहे. बोलायचंच नव्हतं तर डोकं झाकायची सूचना कशाला? मग म्हटलं, करिंथची उपासना तुमच्या कारखान्यासारखी होती. सगळे माग एकदम चालू. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. गप्प बसा म्हटलं ते कुणाचं तोंड कायमचं बंद करायला नाही, सगळ्यांना ऐकायला मिळावं म्हणून. कारखान्याचं वाक्य कागदावर नव्हतं.

संपलं. प्रार्थना मी डोळे उघडे ठेवून केली.

मग सर उठले आणि पुढं आले. वडिलांसमोर, त्यांना ओठ दिसतील असे उभे राहिले. सरांना हे आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मामा, सांगा. उपदेश झाला का?"

बाहेर माग चालू होते. मी पायऱ्यांपाशी उभी होते आणि कुरुंदवाडची शेती माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होती.

"खाली हुती तवर साक्ष हुती," ते म्हणाले.

"आणि वर?"

"ते तुमी ठरवा, सर. तुमी शिकल्यालं."

"नाही. मंडळीनं सांगायचं. तुमच्या तोंडून पाहिजे."

"सांगा की वं," म्हातारी म्हणाली. "का आता तुमीच गप बसनार?"

बायका हसल्या. वडील हसले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"सगळं दिसलं," ते म्हणाले. "येक शबूद सुटला न्हाय. उपदेश झाला. पास करा." मग बोट वर करून, "पर बाईनं वर चढू नये, हे माझं मत हाय तसंच हाय."

"मत असू दे," सर म्हणाले.

भावानं शब्द पाळला. कुरुंदवाडच्या पावण्यांना त्यानं स्वतः जाऊन नकार कळवला आणि येताना तिथले पेढे आणले. ते माझ्या निकालाचे होते की त्याच्या सुटकेचे, मी विचारलं नाही. वडिलांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही असं ऐकते. दुसऱ्या वर्षी आलेल्या मुलीलाही त्यांनी आधी खालीच उभं केलं होतं. तीही अर्ध्यातून वर गेली.

दवाखान्यातली ती जागा मला मिळाली, अजून तिथंच आहे. नवीन आलेल्या नर्सबाई कधी कधी विचारतात, प्रार्थना करताना तुम्ही डोळे का मिटत नाही? समोरच्याला आपलं बोलणं कळतंय का ते बघावं लागतं, मी सांगते. शिवाय सलाईन संपत आलंय का, तेही दिसतं.