चौदा मिनिटांत आलेलं ‘ठीक’

सकाळी साडेआठनंतर घंटीमावशीचा फोन आला, की त्या घरातलं कोणीतरी गेलं म्हणून समजावं, असं आमच्या शहरात सगळे सांगतात. शहर लहान. थंडी पडली की लोक दारं लावून बसतात आणि बसल्या जागी बातम्या विणतात. सलूनवाला कात्री थांबवून म्हणतो, “टाकीजवळच्या भाऊंना नऊला फोन केला तिने. सव्वानऊला भाऊ थंड!” बाकावर नंबर लावून बसलेला त्यात भर घालतो, “नुसता फोन नाही, राव. वही आहे तिच्याकडे. तांबडी रेघ मारली की माणूस हिवाळा काढत नाही.”

सलूनवाल्याच्या तोंडाला फेस फासला तरी ते बंद व्हायचं नाही, म्हणून खरं काय ते लिहून ठेवलेलं बरं. भाऊ आदल्या संध्याकाळीच गेले होते. नऊचा फोन त्यांना नव्हता, शेजारच्यांना होता, जरा दार ठोठावून बघा म्हणून. आणि वहीतली तांबडी रेघ मरणाची नाही, कानाची आहे. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या नावाखाली ती रेघ, म्हणजे घंटी जास्त वेळ वाजू द्यायची. अकरा हिवाळ्यांत मावशीने साडेआठनंतर असे पाच फोन केले. त्यातली तीन माणसं अजून धडधाकट हिंडताहेत. एक तर सलूनच्या त्याच बाकावर बसून ही अफवा सांगतो.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण, पण आता ती साऱ्या शहराचीच मावशी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसली. समोरच्याने “हॅलो” म्हटलं की तो उभा आहे, बसलाय की कालपासून जेवलेला नाही, हे ती सांगायची. निवृत्त झाल्यावर कानाला काम नाही म्हणून तिने हाताला काम लावलं आणि हिवाळी पत्रक काढलं. दर शुक्रवारी एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. तेरा ठिकाणी फलकावर लागतो आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दाराखालून आत सरकतो. त्यात काय नसतं? “विणकामाचा वर्ग वाचनालयात, मंगळवारी चार वाजता. लोकर आपली आपण आणावी, तक्रारी आणू नयेत.” “पहाटे फिरणाऱ्या मंडळींनी धुक्यात एकमेकांना हाका मारत चालावे.” “हरवला आहे : करडा हातमोजा, डावा. सापडणाऱ्याने उजवाही घेऊन जावा, एकटा काय कामाचा!”

साखळी मात्र पत्रकातून सुरू झाली नाही. पहिल्याच हिवाळ्यात विणकामाच्या वर्गातल्या एका बाईंना मावशीने फोन केला. उचलला नाही. वाटलं, गेल्या असतील बाहेर. दुसऱ्या दिवशी केला. तिसऱ्या दिवशी केला. चौथ्या दिवशी दार फोडावं लागलं. जन्म फोनवर काढलेल्या बाईला न उचललेली घंटी काय सांगते ते कळू नये, हे मावशीच्या काळजात रुतलं ते रुतलंच. त्याबद्दल ती बोलत नाही. विषय निघाला की उठून चहाचं आधण ठेवते, कोणाला नको असला तरी.

तर साखळी अशी. एकट्या राहणारी अकरा माणसं. सकाळी आठच्या ठोक्याला मावशी पहिल्याला फोन करते, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. अकरावे कंपाउंडर. दवाखाना सोडून वीस वर्षं झाली, पण बोलणं अजून पुड्या बांधल्यासारखं. ते मावशीला फोन करतात : “सगळे ठीक. सकाळ-संध्याकाळ. पाण्याबरोबर.” आणि ठेवतात. साखळीतून पुढे जातो तो एकच शब्द, “ठीक”. नावं नाहीत, गप्पा नाहीत. आणि एक नियम मावशीने प्रत्येकाच्या फोनशेजारी भिंतीवर चिकटवलाय : बाहेरगावी जायचं असेल तर मलाच सांगायचं, मधल्याला नाही.

साखळी फिरून यायला एकोणीस मिनिटं लागतात. त्यातली पाच एकट्या घड्याळआजोबांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान बंद, वर राहतात. शिंपीणकाकूंनी त्यांना फोन करून “ठीक” म्हटलं की ते आधी वेळ विचारतात. काकू म्हणतात, “आठ वाजून सात.” आजोबा म्हणतात, “बघा बरं नीट. साडेसात मिनिटं झाली. तुमचं घड्याळ तुमच्यासारखंच, अर्धं मिनिट मागे.” काकू चिडतात, आजोबा खुलतात, आणि ते भांडण मिटल्यावर “ठीक” पुढे सरकतं.

त्या सोमवारी थंडीपायी शाळा बंद होत्या, म्हणून मी मावशीकडेच होते. बाहेर धुकं इतकं, की समोरच्या घराचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. रस्त्यावर कुत्रंही भुंकत नव्हतं. मावशीने आठला पहिला फोन लावला, शाल सावरली, आणि टेबलावर हात ठेवून बसली.

आठ वाजून चौदा मिनिटांनी घंटी वाजली.

“सगळे ठीक,” कंपाउंडर म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ...”

“थांबा,” मावशी म्हणाली. ते कधी थांबत नाहीत, पण थांबले. “तुम्हाला फोन कधी आला?”

“आत्ताच की. का हो? लवकर आलं तर चांगलंच आहे. गुण लवकर आला.”

मावशीने फोन ठेवला आणि हात त्याच्यावरच राहू दिला. मी तिला कंपाउंडरांचा हुबेहूब आवाज काढून दाखवला, “गुण लवकर आला, डोस कमी करा!” एरवी ती हसते. त्या दिवशी नाही हसली.

“उशीर झाला तर समजतं मला,” ती म्हणाली. “लवकर कसं आलं?”

“थंडीने लोक कमी बोलले असतील.”

“आजोबा कमी बोलतील? जीभ गोठली तरी ते खुणांनी वेळ सांगतील.”

तिने वही उघडली नाही, नंबर सगळे बोटांत होते. आजोबांना लावला. घंटी वाजत राहिली. मी मोजत होते, वीस झाल्या, पंचवीस झाल्या. मावशी डोळे मिटून ऐकत होती, जसं काही त्या घंटीच्या मागे खोलीतलं आणखी काही ऐकू येणार होतं. मग तिने ठेवला, थांबून थांबून चार-पाचदा पुन्हा लावला, आणि शेवटी शिंपीणकाकूंना लावला. घड्याळात आठ पस्तीस. पलीकडून फोन उचलला गेला आणि एक किंकाळीच आली.

“अगं बाई! तुम्ही! साडेआठ वाजून गेले! कोण गेलं हो? सांगून टाका एकदाचं. थोरल्या जाऊबाई का?”

“कोणी नाही गेलं, काकू. आज आजोबांना फोन केलात?”

“हुश्श. पाचावर धारण बसली की माझी! आजोबांना कशाला करू? ते नाहीतच इथे. काल सकाळी फोनवरच म्हणाले, ‘आत्ता बसने निघतोय, लेकीकडे, चार दिवस. उद्यापासून मला वगळा आणि पुढच्या बाईंना तुम्हीच करा.’ म्हणून मी परस्पर पुढे केला.” मग जरा फुशारकीने, “मला म्हणाले, ‘तुमच्यावर सोपवतोय.’ दहा वर्षांत पहिल्यांदा गोड बोलले मेले.”

“मला का नाही सांगितलंत?”

पलीकडून मग बारीक आवाज. “आम्हाला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल.”

मावशीने फोन ठेवला. “काल सकाळी,” ती स्वतःशीच म्हणाली. “बस तर शनिवारपासून बंद आहे.”

खरंच होतं. धुक्यामुळे डोंगरापलीकडची बस बंद झाल्याची बातमी शनिवारी दुपारी आली, तोवर पत्रक वाटून झालं होतं. मावशीने हाताने चिठ्ठ्या लिहून तेराही फलकांवर लावल्या होत्या. पण फलकापर्यंत येतो कोण? आजोबा तर जिनाही दिवसातून एकदाच उतरतात.

“अगं, कोणाच्या तरी गाडीतून गेले असतील,” मी म्हटलं. “गेले आठ दिवस लेकीकडे जाणार, लेकीकडे जाणार म्हणून त्यांनी शहर डोक्यावर घेतलंय. ते न जाता राहतील? आत्ता तिथे बसून जावयाचं घड्याळ दुरुस्त करत असतील. लाव पैज.”

“कसली?”

“ते लेकीकडे सापडले, तर पुढच्या पत्रकात माझा विनोद छापायचा. पहिल्या पानावर.”

“आणि इथे सापडले तर उन्हाळा लागेपर्यंत कोणाचाही आवाज काढायचा नाहीस,” मावशी म्हणाली. हे बोलत असताना ती लेकीचा नंबर फिरवत होती.

लेकीने उचलला. मागे भांड्यांचा आवाज. “बाबा? नाही हो मावशी, इकडे कुठे! काल त्यांनीच फोन केला, बस बंद आहे, सुरू झाली की येतो म्हणाले. घरीच आहेत ना? तुमची साखळी असते म्हणून मी निर्धास्त... मावशी? हॅलो?”

मावशीच्या पायात एक चप्पल तिची होती, एक माझी. तशीच ती जिना उतरली.

आजोबांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. धुक्यात आम्ही भिंतीला हात लावून चाललो. मावशीचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि मध्येच कुठूनतरी नळाचं पाणी गोठल्यावर पाइप कुरकुरतो तसा आवाज. मला सारखं वाटत होतं की मागे कोणीतरी आहे. कोणी नव्हतं.

खाली इस्त्रीवाला निखारे फुंकत होता. “आजोबा?” तो म्हणाला. “काल बॅग घेऊन गेले आणि अर्ध्या तासात बॅग घेऊन परत. मला म्हणाले, ‘कोणाला सांगू नकोस, लोक हसतील. लेकीकडे गेलाय म्हणून सांग.’ माझ्याकडून पाटीभर कोळसा नेला वर. लई थंडी म्हणाले.”

मावशी वर धावली. तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दार आतून बंद. ठोठावलं, हाका मारल्या. मग ती एकदम थांबली आणि दाराच्या कडेला बोट लावलं. दार आणि चौकट यांच्यामध्ये जी फट असते, ती नव्हतीच. आतून खळ लावून कागद ठासला होता. खाली, वर, कडेने, सगळीकडे.

“खिडकी फोड,” ती इस्त्रीवाल्याला म्हणाली. आवाज इतका शांत की तो घाबरूनच शिडी आणायला पळाला.

काच फुटली तेव्हा आतून धूर आला नाही. आली ती नुसती ऊब, जड, शिळी. इस्त्रीवाला आत उतरला, खोकत दार ओढलं. कागद टराटरा फाटले. शेगडी खोलीच्या मधोमध, वर राखेचा पांढरा पापुद्रा, आत अजून लाली. पलंगावर आजोबा, कोट घातलेला, पायात बूट. बॅग शेजारी, भरलेलीच. भिंतीवर सोळा घड्याळं एका ठेक्यात चालली होती. आजोबांचा चेहरा गुलाबी दिसत होता, झोपल्यासारखा, आणि तो गुलाबी रंगच भयंकर होता. मावशीने त्यांच्या तोंडाशी कान नेला. तसाच ठेवला. किती वेळ, ते मला त्या सोळा घड्याळांकडे बघूनही सांगता येणार नाही.

“आहे,” ती शेवटी म्हणाली. “बाहेर काढा. हवेत.”

जिन्यावरून त्यांना उतरवताना माझ्या पायाला दारातून निघालेला कागद चिकटला. हिवाळी पत्रक होतं, याच शुक्रवारचं. खालच्या ओळीत ठळक छापलं होतं : “थंडी वाढत आहे. दारा-खिडक्यांच्या फटी कागदाने घट्ट बुजवा.” वाक्य तिथे संपलं होतं, पान संपलं म्हणून. पुढचं वाक्य मागच्या बाजूला होतं : “मात्र शेगडी पेटती असल्यास एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.” मागची बाजू खळीने लाकडाला चिकटलेली. मावशीने तो कागद माझ्या हातातून घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला, आणि घडी घालून शालीत ठेवला. त्या दिवशी तिने चहाचं आधण ठेवलं नाही.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचला होता, आणखी तासभर उशीर झाला असता तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. आजही किती उरलंय ते उद्या-परवा कळेल. दुपारी आजोबांनी डोळे उघडले. ओठ हलले. “वाजले... किती?” फाटक्या पडद्यातून वारा यावा तसा आवाज.

“तीन वाजून दहा,” मावशी म्हणाली, आणि मुद्दाम दोन मिनिटं मागचं सांगितलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो.

आजोबांनी नुसती मान हलवली. मान्य केलं. मावशी खिडकीकडे वळून उभी राहिली.

चार वाजता लेकीचा फोन आला, इस्पितळाच्या ऑफिसात. बस अजून बंदच होती. मावशी म्हणाली, “तू बोल, माझ्याने बोलवणार नाही.” लेक रडत होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. तिला ते नको होतं. “आवाज कसा आहे गं त्यांचा? तू तर हुबेहूब काढतेस. एकदा काढ ना. मला नुसतं ऐकू दे.”

तो आवाज माझ्या जिभेवर तयार होता. तो वारा, ती “किती”मधली घसरण, सगळं. तोंड उघडलंसुद्धा. मावशी समोर उभी होती. तिने मला अडवलं नाही. ती फक्त बघत राहिली.

“मी नाही काढू शकत, ताई,” मी माझ्याच आवाजात म्हटलं. “पैज हरले आहे.”