मामांचं ताट

आष्टीच्या पेठेत कलदार रुपयाचा भाव कळायला सराफाकडे जावं लागत नसे. मामा काय जेवले ते विचारलं की पुरे. समोरचे बागवान चाचा केळीचे घड टांगता टांगता ओरडायचे, "गोदाबाई, शेठला आज काय वाढलं?" आतून गोदी सांगायची, "ताक-कण्या!" "म्हंजे चढला!" आणि अख्खी पेठ हसायची. मामाही हसायचे. फक्त त्यांचा डावा हात बंडीच्या आत, पोटावर असायचा.

मामांचं कापडाचं दुकान होतं. माल नगरहून, इंग्रजी हद्दीतून यायचा. तिथे कलदार रुपया द्यावा लागे. विकायचा मात्र आमच्या निजामाच्या मुलखात, हाली रुपयात. या दोन रुपयांमधला भाव सारखा हलायचा आणि मामांचं पोट त्याच्याबरोबर. कलदार महाग झाला की छातीत जळायचं, घास घशाशी यायचा, आडवंही होता येत नसे; मग ताटात ताक-कण्याच. हकीमसाहेबांनी नाना पुड्या देऊन पाहिल्या आणि एकदा वैतागून म्हणाले, "शेठ, पोटाची दवा हाय माझ्याजवळ, भावाची न्हाई."

हे सगळं माझ्या कानावर येई ते कुणाकुणाकडून. मी असायची नगरला, मिशनच्या इंग्रजी शाळेत. आईवडील प्लेगात गेले तेव्हा तिथे माझं नाव घातलेलं होतं. मामांनी ते काढलं नाही. सुट्टीत मी बैलगाडीतून उतरले की ते आत वर्दी द्यायचे, "गोदे, मडम आली गं! कण्या ठेव बाजूला, आज भाव उतरला!" मग पिठलं, भाकरी, लसणाचा ठेचा, तेलात परतलेल्या मिरच्या. माझ्यासमोर बसून ते सगळं खायचे, बोटं चाटून. मला वाटायचं, मी आले की मामा बरे होतात.

गोदी त्यांची एकुलती मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कुंकू पुसून परत आलेली. मामी नव्हत्या, त्यामुळे घर तीच पाहायची. तिच्याजवळ हेवा करण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारील. माझ्याजवळ बूट होते, पुस्तकं होती. तिच्याजवळ मामा होते. पाणी कोमट हवं की गार, हे ती त्यांच्या खोकण्यावरून ओळखायची. दुकानातून ते नुसतं "गोदे" म्हणायचे आणि ती नेमकी हवी ती वस्तू घेऊन निघायची. मी उठले तर म्हणत, "बस गं, तू पाव्हणी." मी बसायची आणि बघायची. भाकरी थापताना ती गुणगुणायची, त्याचाही मला राग यायचा.

शाळेच्या शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत एकदा दुपारी मी दोरा मागायला दुकानामागच्या खोलीत गेले. मामा कापडाच्या गठ्ठ्यावर वाकडे होऊन पडले होते आणि गोदी गरम मिठाच्या पुरचुंडीने त्यांचं पोट शेकत होती.

मला पाहताच मामांनी हात पोटावरून काढला. "काई न्हाई गं. जरा वारा धरला."

"वारा कशाचा? ठेचा हाय त्यो," गोदी माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुज्यासमोर जेवतेत अन् मग हितं येऊन तळमळतेत. दर सुट्टीला."

"गोदे, गप."

"कावून गप? हिची फी कलदारात जाती. हिला घोर लागू नये म्हनून ठेचा खातेत, अन् शेकायला मी!"

मला आधी दया यायला हवी होती. आला तो हेवाच. माझ्या वाट्याला बोटं चाटणारे मामा आले होते, तिच्या वाट्याला खरे.

"मी शाळा सोडते," मी म्हणाले.

मामा तशातही हसले. "येडी का काय! एवढं पोट दुखलं, ते फुकट घालवतीस व्हय?"

संध्याकाळी कण्या मी शिजवल्या. थोड्या खाली लागल्या. गोदी दाराशी उभी राहून पाहत होती. मीठ किती ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ताक घालून ताट मामांपुढे ठेवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता तूबी?" ते म्हणाले आणि मुकाट्याने जेवू लागले.

तेवढ्यात समोरून चाचांची हाक आली, "गोदाबाई, आज काय वाढलं?"

पेठेत मी कधी वर मान करूनही चालले नव्हते. गोदीने तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "ताक-कण्या!"

मग चाचा जरा बिचकतच म्हणाले, "म्हंजे... चढला!" मामांना हसताना ठसका लागला. गोदीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं ती माझी होती.

त्या सालच्या दिवाळीआधीच मामा गेले. रक्ताची उलटी झाली. मी नगरला होते, जवळ गोदी होती. शेवटी काय बोलले ते मी तिला अजून विचारलेलं नाही. सांगितलं तरी मला सोसणार नाही.

माझ्याजवळ आहे ती त्या सुट्टीतली निघायची सकाळ. हद्दीवरच्या जकातीच्या नाक्यापर्यंत मामा गाडीबरोबर आले होते. दर वेळी मी वळून पाहिलं की ते पोटावरचा हात घाईने काढून हलवायचे. त्या सकाळी गाडी नाक्यापलीकडे गेली आणि मी वळले. मामांनी उजवा हात हलवला. डावा बंडीच्या आत होता, तो तसाच राहू दिला.